फिलाडेल्फियाहून, बाब्यास

प्रिय बाब्या,

पत्र नाही म्हणून शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. आम्ही ठीक. माझं बीपी गोळीवर आहे.

इथल्या क्राइस्ट चर्चच्या आवारात परवा जेम्स विल्सनची कबर पाहिली. अमेरिकेच्या घटनेच्या पेपराआधी रात्रभर भांडलो होतो ना, तोच. घटनाकार म्हणून तू नुसता मॅडिसन, मॅडिसन! अरे, राष्ट्राध्यक्ष थेट जनतेने निवडावा, असं 1787 मध्ये विल्सन म्हणत होता. (राज्यांचे प्रतिनिधी ठरवताना गुलामांना तीन-पंचमांश मोजायची सूचनाही त्याचीच. तू काढणारच, म्हणून आधीच लिहितो.)

स्कॉटलंडच्या शेतकऱ्याचा पोरगा. स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि राज्यघटना, दोन्हींवर सही असलेल्या सहांपैकी एक. वर सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या न्यायाधीशांत. पण जमिनीचं भयंकर वेड! कर्ज काढून जमीन, कर्जावर कर्ज, पुन्हा जमीन. 1796-97 च्या मंदीत सगळं अंगावर आलं. न्यायाधीश असतानाच कर्जापायी न्यू जर्सीतल्या बर्लिंग्टनच्या तुरुंगात. सुटून दक्षिणेला पळाला, तर नॉर्थ कॅरोलायनात पुन्हा आत! या खेपेला आत टाकणारा घेणेकरी पिअर्स बटलर, घटनेवर सही करणारा सोबतीच. तरी गड्याने राजीनामा दिला नाही. 1798 च्या ऑगस्टमध्ये तिथेच इडेंटनला वारला, पंचावन्नाव्या वर्षी. अवशेष इथे आणले ते 1906 ला. जवळच्याच दफनभूमीत फ्रँकलिनच्या कबरीवर लोक नाणी टाकतात. विल्सनच्या कबरीवर टाकली तर घेणेकरी उचलून नेतील!

आता खरं काय ते. तुझ्या दादाचा फोन आला होता. आणखी एक प्लॉट घेतोय, आधीचे गहाण टाकून. "एनए होऊ दे, तिप्पट होतील." मला जामीन राहा म्हणाला. मी हवापाण्यावर नेलं. सातबारा त्याच्याइतका कोणाला कळतो, म्हणशील. घोर त्याचाच आहे रे, विल्सनही कायदा कोळून प्यायला होता. वहिनींना ठाऊक आहे का? विल्सनची बायको हॅना इडेंटनला त्याच्या उशाशी होती, वय विशी-पंचविशीचं. तेच डोक्यातून जात नाही. तुझ्या घरच्या भानगडीत पडलो की काय होतं, ते सासऱ्यांच्या वाड्यावेळी पाहिलंय. तरीही लिहितोय. एकदा त्याची कागदपत्रं मागून घे.

चिरंजीवांचं अभिनंदन. गुडघा दाखवलास का?

हे पत्र दादाला दाखवू नकोस. किंवा दाखवच, फक्त माझं नाव सांगू नकोस. अक्षर ओळखेल म्हणा.

तुझाच,
नाना