फोनवर मी गप्प झाले तरी लाईनवरच असते

प्रिय आई-बाबा,

हे बोलून सांगायला घेतलं असतं तर अर्ध्यातच दमले असते, म्हणून टाईप करतेय, तेही दोन दिवस थोडं थोडं करून.

परवा बाबा तुम्ही तीनदा "हॅलो, आवाज येतोय का" म्हणालात ना, तेव्हा लाईन कट झाली नव्हती. मला फिजिओथेरपी म्हणायचं होतं, "फि" निघाला आणि "जि" यायला वेळ लागला, तेवढ्यात तुमचं हॅलो आलं की मला परत "फि"पासून सुरुवात. आई, तू विचारलंस झोप झाली नाही का गं, जीभ जड वाटतेय. झोप झाली होती. हे एमएसमुळेच आहे, म्हणजे माझ्या मल्टिपल स्क्लेरोसिसच्या आजारामुळे. मेंदूतल्या नसांवरचं मायलिनचं आवरण खराब झालं की जीभ, ओठ, घसा आणि श्वासाच्या स्नायूंना निरोप उशिरा नाहीतर अर्धवट पोचतो, आणि लहान मेंदूला इजा असेल तर शब्दांचे असे तुकडे पडतात. शार्को नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८६८ मध्येच हे लिहून ठेवलंय, स्कॅनिंग स्पीच म्हणतात त्याला.

पण काय बोलायचं ते मला पक्कं माहीत असतं गं. कधीकधी नेमका शब्द सापडत नाही, तेही होतं, तरी डोकं माझं जागेवर आहे. म्हणून तू जावयाला "तिला काय म्हणायचंय?" विचारतेस तेव्हा फार लागतं. मलाच विचार. आणि बाबा, माझं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका, प्लीज, प्रेमाने करता हे कळतं तरीपण.

स्पीच थेरपिस्टने सांगितलंय एका श्वासात चार-पाचच शब्द, तोंड नीट उघडून. पाणी पिताना ठसका लागतो तेही त्यांना सांगितलंय, गिळायला बरेचसे तेच स्नायू लागतात म्हणून. आणि मी माझा आवाज रेकॉर्ड करून ठेवतेय, पुढे गरज पडलीच तर फोन माझ्याच आवाजात बोलेल. लगेच रडू नकोस आई, आत्ता तशी वेळ आलेली नाही, फक्त आवाज चांगला आहे तोवर करून ठेवायचं असतं.

संध्याकाळी दमल्यावर किंवा उकाड्यात जास्त अडखळते, तर फोन सकाळी करा. मधेच गप्प झाले तर मी फोनवर दोनदा टकटक करेन, म्हणजे मी आहे, शब्द येतोय.

तुमचीच,
लेक