उमेदवारीचे पैसे कुणी कुणाला द्यायचे?

पुणे,
रविवार, रात्रीचे साडेदहा

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

दुपारी फोनवर बोलणं अर्धंच राहिलं. मी मुद्द्यावर येते आहे म्हटल्यावर बाबांनी "हां, आईशी बोल" म्हणून फोन दिला आणि आईनं विषय डिंकाच्या लाडवांवर नेला. म्हणून लिहायला बसले. बाबा, हे पत्र दादाच्या चिनूकडून वाचून घेऊ नका. चष्मा लावून स्वतः वाचा. यात त्याच्याबद्दल आहे, पण माझ्याबद्दलही एक गोष्ट आहे, जी मी वीस वर्षं सांगितलेली नाही.

आधी चिनूच्या इंटर्नशिपसाठी मागितलेल्या ५,९९९ रुपयांचं. चिनूनं मला ती जाहिरात पाठवली. दीड महिन्याची ऑनलाइन इंटर्नशिप, शेवटी सर्टिफिकेट, 'शासनमान्य' असा शिक्का आणि खाली एमएसएमईचा, म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांच्या सरकारी 'उद्यम' नोंदणीचा क्रमांक. तुम्ही म्हणालात, सरकारी नंबर आहे म्हणजे खोटं कसं असेल? बाबा, तो क्रमांक खरा असेलही. पण उद्यम नोंदणी कुणालाही करता येते, पापडाच्या उद्योगालाही आणि वेल्डिंगच्या गाळ्यालाही. धंद्याची माहिती मालकानं स्वतःच भरायची असते. हे लोक काय शिकवतात ते सरकारनं तपासलंय, असा त्याचा अर्थ नाही.

आणि त्याहून साधी गोष्ट म्हणजे इंटर्नशिपला तुमच्याकडे जुना शब्द आहे, उमेदवारी. सतराव्या वर्षी तुम्ही कोल्हापूरच्या उद्यमनगरात मिस्त्रींच्या हाताखाली राहिलात तेव्हा महिन्याला साठ रुपये मिळायचे, हे तुम्हीच शंभरदा सांगितलंय. साठ रुपये म्हणजे काहीच नव्हे, पण ते मिस्त्री तुम्हाला द्यायचे, तुम्ही मिस्त्रींना नाही. आपल्या समोरच्यांची मुलगी सीएची आर्टिकलशिप करते आहे. तिथेही थोडं का होईना, विद्यावेतन तिला मिळतं. शिकवणीची फी द्यावी, क्लासची द्यावी. पण काम करायला येणाऱ्याकडूनच कुणी पैसे मागत असेल तर तिथे काम नाही, एवढं धरून चाला. कुठे कुठे विद्यावेतन मिळत नाही, विशेषतः दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना. ते मला पटत नाही, पण एक वेळ चालेल. उलटे पैसे मोजणं मात्र नको.

आता माझी गोष्ट. बाहेरच्या खोलीत, घड्याळाच्या शेजारी जी सोनेरी किनारीची फ्रेम आहे ना, माझ्या इनप्लांट ट्रेनिंगच्या (कारखान्यातल्या प्रशिक्षणाच्या) सर्टिफिकेटची, त्याला तुम्ही दिवाळीच्या बोनसमधले सहा हजार दिले होते. २००५ साल. त्या वर्षी एम-८० विकून दुसरी गाडी घ्यायचं चाललं होतं, ते पुढे ढकललं. मी तिथे काय केलं सांगू? पंधरा दिवस एका खोलीत पंख्याखाली बसून आधीच्या बॅचचा प्रोजेक्ट रिपोर्ट उतरवून काढला. आम्ही बावीस जण होतो. मशीन एक होतं, तेही बंद. कंपनी दाखवायला एकदा बसनं नेलं, तिथे समोसा दिला. शेवटच्या दिवशी सर्टिफिकेट. मी घरी आले तेव्हा तुम्ही ते दोन्ही हातांनी धरलंत. मग सांगायचा धीर झाला नाही.

पुढच्या वर्षी पुण्यात मुलाखत होती. त्या साहेबांनी सर्टिफिकेटकडे ढुंकूनही पाहिलं नाही. टेबलावरचं एक कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "याच्या भिंतींना हा थोडा उतार का ठेवलाय?" बाबा, मला येईना. पॅटर्नमेकरची मुलगी मी, वाळूत साचा उठवायचे लाकडी नमुने करणाऱ्याची. शाळेच्या सुट्टीत तुमचा डबा घेऊन त्या वाळूतून, त्या काळ्या धुळीतून यायचे. पॅटर्नला तो उतार, म्हणजे ड्राफ्ट, दिला नाही तर तो वाळूतून वर काढताना साचा ढासळतो, ही गोष्ट तुम्ही मला डबा खाता खाता सांगितली असतीत. मी कधी विचारलंच नाही. ती नोकरी मला मिळाली नाही हे तुम्हाला माहीत आहे. का मिळाली नाही ते आज कळलं.

हे मी तुम्हाला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. सहा हजार गेले ते गेले. पण चिनूच्या वेळी पुन्हा तेच करू नका, एवढ्यासाठी लिहितेय. मुदत ठेव मोडायचा विचार तर डोक्यातून काढाच.

आई, तू म्हणालीस, "अगं, लावून घे की त्याला तुझ्यातच." तुझा राग मला कळतो. सख्खी आत्या चाकणच्या कंपनीत, दरवर्षी पोरं घेते, आणि भाच्याला नाही? पण ओळखीनं आलेल्या पोरांचं आमच्याकडे काय होतं ते सांगते. अमक्या साहेबांचा पुतण्या म्हटल्यावर त्याला कुणी काम सांगत नाही. त्याच्या हातून जॉब, म्हणजे मशीनवरचा भाग, बिघडला तर बोलायचं कुणी? मग त्याला एसीत एक खुर्ची मिळते, दोन वेळा चहा मिळतो आणि महिनाअखेर पत्र मिळतं. म्हणजे माझी सोनेरी फ्रेमच, फक्त फुकट. ओळख अगदीच वाईट असं मी म्हणत नाही. माझी पहिली नोकरी दादाच्या मित्रानं सांगितल्यामुळेच कळली होती. जागा आहे हे कळण्यापुरती ओळख चालते. चिनूनं दुसरीकडे अर्ज केला तर तो मी आधी वाचून देईन, लाल पेन घेऊन.

अर्जावरून आठवलं. माझ्याकडे जे अर्ज येतात ते तुम्ही बघाच एकदा. 'रिस्पेक्टेड सर ऑर मॅडम' असा एकच मजकूर चाळीस कंपन्यांना एका दमात, आणि चाळीसही पत्ते वर दिसताहेत. कंपनी काय बनवते याचा पत्ता नाही. आम्ही ब्रेकचे भाग बनवतो आणि पोरगा लिहितो, आपल्या नामांकित सॉफ्टवेअर संस्थेत मला संधी द्यावी. छंद म्हणून गाणी ऐकणे. मागच्या वर्षी एका मुलीचा अर्ज आला होता. मार्क बेताचे, एक केटीपण, म्हणजे राहिलेला विषय, होती. पण तिनं लिहिलं होतं की चुलत्यांच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा सारखा घसरतो म्हणून तिनं दोन्ही पुल्यांची मापं घेतली, आठवडाभर किती वेळा घसरला ते मांडलं आणि शेवटी दोन पुल्या एका रेषेत नाहीत हे सापडलं. सोबत वहीच्या पानावर हातानं काढलेलं चित्र, त्याचा फोटो. मी त्याच दिवशी फोन केला. तिला आमच्या कामातलं काही येत नव्हतं, ते आम्ही शिकवलं. पण बघायचं कसं, हे तिला येत होतं.

चिनूला सांगा, मे-जूनच्या जागा आमच्याकडे जानेवारी-फेब्रुवारीतच ठरतात. एप्रिलमध्ये परीक्षेच्या गडबडीत अर्ज पाठवणारी निम्मी मुलं तिथेच गळतात.

बाबा, तुम्ही पेपरातली दोन कात्रणं पाठवली होती, तीही बघितली. पंतप्रधान इंटर्नशिप योजना २०२४ च्या जुलैमधल्या अर्थसंकल्पात जाहीर झाली. देशातल्या ५०० मोठ्या कंपन्या, वर्षभराची मुदत, महिना ५,००० रुपये आणि एकदाच ६,०००. पण सुरू झाली तेव्हाच्या अटीप्रमाणे वय २१ ते २४ हवं आणि पूर्णवेळ कॉलेजात शिकणारा चालत नाही. चिनू इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्या अटीत तो बसत नाही. दुसरं कात्रण राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचं, लोक जिला लाडका भाऊ म्हणतात ती. बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला १०,००० असं जाहीर झालं होतं. तीही शिक्षण चालू असलेल्यांसाठी नाही. डिग्रीनंतर लगेच नोकरी नाही लागली तर १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्याखाली वर्षभर ॲप्रेंटिस म्हणून राहता येतं, केंद्र सरकारच्या नॅट्स पोर्टलवर नाव नोंदवून. ते मला या दोन्हींपेक्षा बरं वाटतं. पण ते पुढचं. आणि बघा, या तिन्हींत पैसे पोराच्या हातात येतात, त्याच्याकडून जात नाहीत.

मग आत्ता काय करायचं? मला विचाराल तर चिनूनं या उन्हाळ्यात पुण्याला येऊच नये. इथे खोलीचं भाडं, मेस आणि चाकणपर्यंतचं जाणं-येणं यातच महिन्याला दहा हजार सहज जातात. आणि कशासाठी? शिरोलीत, गोकुळ शिरगावात एवढ्या फाउंड्र्या, म्हणजे ओतकामाचे कारखाने, आहेत, गाड्यांचे भाग तिथूनच आमच्याकडे पुण्याला येतात. आपल्या घरापासून अर्ध्या तासावर जे आहे ते बघायला मुलगा दोनशे-अडीचशे किलोमीटर लांब का पाठवायचा? दादा-वहिनींना हे पटणार नाही. वहिनी म्हणेल, वाळू उपसायला इंजिनीअर केलं का? तिला मी वेगळा फोन करते.

कुठल्या तरी मध्यम फाउंड्रीत त्यानं स्वतः जावं. कॉलेजचं पत्र, विम्याची प्रत आणि पायात सेफ्टी शूज हवेत, त्याशिवाय कुणी आत घेणार नाही आणि घेऊही नये. जाऊन सांगावं की मला दोन महिने तुमच्या रिजेक्शनची नोंद ठेवू द्या. रोज किती कास्टिंग बाद झाली, त्यात हवेची पोकळी राहिलेली (ब्लो होल) किती, वाळू अडकलेली किती, धातूचे दोन प्रवाह नीट न जुळलेली (कोल्ड शट) किती. कुठल्या पाळीत जास्त, वाळूत पाणी जास्त पडलं त्या दिवशी काय झालं. मालकाला याची गरज असते आणि लिहून ठेवायला माणूस नसतो. दोन महिन्यांची अशी वही घेऊन चिनू कुठल्याही मुलाखतीला गेला तर समोरचा माणूस खुर्चीत पुढे सरकून बसेल. मी तरी बसेन.

बाबा, तुम्ही मालकांना फोन करू नका. करायला हात शिवशिवतील, मला माहीत आहे. निम्मे लोक तुमचे पॅटर्न वापरून मोठे झालेत. पण तुम्ही फोन केलात की तो 'मिस्त्रींचा नातू' होईल आणि पुन्हा तीच खुर्ची, तोच चहा. त्याला दोन-चार ठिकाणी नाही ऐकू दे. तिसऱ्या दारातून परत आला की आईनं जेवायला वाढावं, काही विचारू नये.

तुमचं काम वेगळं आहे. रोज संध्याकाळी तो आला की त्याच्याशी अर्धा तास बसा. त्यानं काय पाहिलं ते ऐका. तो कॉम्प्युटरवर तीन बाजूंनी फिरवून मॉडेल काढतो, आपल्याला ते जमणार नाही, पण लाकडाचा पॅटर्न हातात घेऊन हा वाळूतून निघेल का हे तुम्ही नुसतं बघून सांगायचात. ते त्याला कॉलेजात कुणी सांगणार नाही.

एक विचारायचं राहिलं. सातवीत असताना चित्रकलेच्या तासाला मी तुमची पितळी पट्टी नेली होती, आठवतंय? तीस सेंटिमीटरची चौकट काढली आणि बाईंच्या पट्टीनं मोजली तर तीन मिलिमीटर जास्त. सगळा वर्ग हसला. घरी येऊन मी भांडले, तुमची पट्टी खोटी आहे म्हणून. तुम्ही नुसते हसलात आणि पट्टी पेटीत ठेवून दिलीत. मोठी झाल्यावर कुठल्याशा पुस्तकात वाचलं की ओतलेलं लोखंड थंड होताना शेकडा एक इतकं आकसतं, म्हणून पॅटर्नमेकरची पट्टी मुळातच तेवढी लांब आखलेली असते. वाचलं तेव्हा हॉस्टेलवर एकटीच हसले होते. पण तुम्हाला फोन नाही केला.

ती पट्टी अजून पेटीत आहे का? असेल तर चिनूला द्या. काहीतरी मोजायला सांगा. माप चुकतंय म्हणून तो तुमच्याशी भांडायला आला, तर लगेच सांगू नका.

आईचा गुडघा कसा आहे? तेल संपलं असेल तर कळव, येताना आणते. लाडू पाठवू नकोस, मीच संक्रांतीला येते.

तुमची,
धाकटी