वहीचं डावं पान

ठाणे, १७ नोव्हेंबर

प्रिय पैलवान,

सप्रेम नमस्कार.

परवा तू फोनवर विचारलंस, "मास्तर, या वर्षी वजन उचलण्याच्या स्पर्धेला उतरणार ना?" आणि मी "नंतर बोलू" म्हणून फोन ठेवला. मला राग आला असं तुला वाटलं असेल. राग अजिबात नव्हता. शेजारी हिचा नुकताच डोळा लागला होता, आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर दबक्या आवाजात दोन वाक्यांत देता येण्यासारखं नव्हतं. म्हणून आज दुपारी निवांत लिहायला बसलोय.

मार्चमध्ये तुझ्या वहिनीच्या डाव्या स्तनातली गाठ कर्करोगाची निघाली, एवढं तुला ठाऊक आहे. काखेतल्या ग्रंथींपर्यंत पोचला होता, म्हणून आधी केमो, मग ऑपरेशन, मग रेडिएशन असं ठरलं. तुला सांगितलं नव्हतं ते हे, की डिसेंबरातच तिने गाठ दाखवली होती. त्या डॉक्टरांनी हाताने तपासून "साधी आहे, काळजी नको" म्हटलं आणि आम्ही घरी आलो. सोनोग्राफीचा आग्रह मी धरायला हवा होता. ते तीन महिने अजून माझ्या मनातून जात नाहीत.

बायॉप्सीचा रिपोर्ट आला त्या दिवसापासून मी व्यायामशाळेत पाऊल टाकलं नाही. कुणी सांगितलं नव्हतं. मलाच वाटायचं की ही सलाईन लावून पडलेली असताना आपण बारवर प्लेट चढवायच्या, हे कसलं माणूसपण? वीस वर्षांत पहिल्यांदा माझी व्यायामाची वही कोरी राहिली. तुला आठवते ना ती वही? उजव्या पानावर सेट आणि किलो, डावं पान मोकळं. त्या मोकळ्या डाव्या पानावर मी हिचा ताप, काउंट म्हणजे रक्तातल्या पेशींचा आकडा, कुठल्या दिवशी काय खाल्लं, किती वेळा उलटी झाली, ते लिहायला लागलो. उजवं पान तसंच पांढरं.

उपचार खारघरला, ॲक्ट्रेकमध्ये. टाटा कर्करोग रुग्णालयाचंच केंद्र आहे ते. सकाळी ठाण्याहून पनवेल गाडी धरायची, येताना टॅक्सी. गाडीत ती खिडकीशी बसून पारसिकच्या डोंगराकडे बघत राहायची आणि ऐरोली गेलं, घणसोली गेलं, असं पुटपुटायची, शाळेच्या सहलीला निघालेल्या मुलीसारखी. पहिले चार डोस दर २१ दिवसांनी. केमोचं लाल रंगाचं औषध, डॉक्सोरुबिसिन, पण तिथे सगळे नुसतं 'लाल' म्हणतात. "तुमचं लाल कितवं?" असं बायका एकमेकींना विचारतात. हृदयावर परिणाम होऊ शकतो म्हणून आधी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घेतात. नंतर दिवसभर लघवीलाही लालसर रंग येतो. नर्सताईंनी हे आधीच सांगितलं म्हणून बरं, नाहीतर घरी येऊन आमची घाबरगुंडी उडाली असती.

दुसऱ्या लालनंतरची चौथी रात्र. अडीचच्या सुमाराला न्हाणीघरातून आवाज आला. जाऊन बघतो तर ही बादलीशेजारी कलंडलेली, डोळे अर्धे मिटलेले, गाऊन भिजलेला. मी घाईघाईने वाकून तिला खांद्यांखाली धरलं आणि उचललं. तेव्हा ५२ किलो होती रे ती. मी १५० किलोची डेडलिफ्ट मारलेला, जमिनीवरून तेवढा बार उचललेला माणूस. पण बार सरळ असतो, मधोमध धरता येतो, हातातून निसटून गळ्याशी लोंबकळत नाही. शुद्ध हरपलेलं माणूस सगळीकडून सांडतं. त्यात पाच आठवडे व्यायाम नाही, रात्रीची झोप तीन-चार तास, आणि ओली फरशी. कमरेत खालच्या बाजूला सणक गेली. तिला कसंबसं पलंगापर्यंत नेलं, आणि पुढचे दोन दिवस मला पाण्याची बादली उचलता येईना. बारावीची तयारी करणारी लेक आईलाही बघत होती आणि बापालाही.

नंतर फिजिओथेरपिस्टबाईंनी मला दोन गोष्टी शिकवल्या, त्या तूही लक्षात ठेव, घरात म्हातारी माणसं आहेत तुझ्या. चक्कर येऊन पडलेल्या माणसाला लगेच उभं करायचं नाही. तिथेच उताणं निजवायचं, पाय उशीवर वर घ्यायचे, शुद्धीवर येऊ द्यायचं. मग कुशीवर वळवायचं, गुडघ्यांवर आणायचं, समोर स्टूल ठेवायचं आणि त्याच्या आधाराने त्याचं त्याला उठू द्यायचं. आपण मागून कमरेला आधार द्यायचा, ओढायचं नाही.

तिसऱ्या दिवशी मी कमरेला शेक घेत बसलो होतो. ही समोर पेज पीत होती. तोंड आलेलं, त्यामुळे अर्ध्या वाटीला अर्धा तास. मधेच म्हणाली, "तू व्यायाम सोडलास तो माझ्यासाठी ना? मग माझ्यासाठीच परत सुरू कर. तू मोडलास तर मला उचलणार कोण?" मी गप्प. मग म्हणाली, "आणि माझ्याकडे असं बघत बसू नकोस दिवसभर. तुझ्या डोळ्यांत बघून मला माझा आजार कळतो."

हे दुसरं वाक्य माझ्या काळजात रुतलं. मी परत जायला लागलो.

पण गेलो ते चुकीचा गेलो, आणि हे तुलाच सांगतोय, बाकी कुणाला सांगितलं नाही. मला वाटलं, पाच आठवडे बुडाले, भरून काढू. रोज संध्याकाळी जाऊन दीड-दीड तास. खरं सांगू? तो व्यायाम नव्हता, तो घरातून पळ होता. तिथे कुणी काउंट विचारत नव्हतं. तिसऱ्या लालनंतर नवव्या दिवशी मी १४० किलो स्क्वॉटला, खांद्यावर बार घेऊन बसून उठायला, घेतले. तयारी नसताना, नुसत्या संतापाने. खाली गेलो आणि वर येता येईना. दोघांनी बाजूंनी बार उचलला. कपाळ रॅकला टेकवून मी थोडा वेळ उभा राहिलो, मग पिशवी उघडली. लेकीचे सात मिस्ड कॉल. फोन सायलेंटवर होता.

हिला १००.६ ताप होता. फाईलवर पहिल्या पानावर ठळक लिहून दिलंय, केमो चालू असताना ताप १००.४ च्या वर गेला तर घरी क्रोसिन देऊन वाट बघायची नाही, तडक रुग्णालयात न्यायचं. डोसनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी सगळ्यांत खाली असतात, आणि तेव्हा साधा जंतूसुद्धा काही तासांत रक्तात पसरू शकतो. लेकीने शेजारच्या काकूंना घेऊन रिक्षा केली आणि आईला घराजवळच्या रुग्णालयात पोचवलं. मी पोचलो तेव्हा अँटिबायोटिकची पहिली बाटली लागलेली होती. लेक बाकावर फाईल छातीशी धरून बसली होती. माझ्याशी एक शब्द बोलली नाही. चार दिवस आत होती तुझी वहिनी. त्या चार दिवसांत मला जे वाटलं ते लिहिता येत नाही.

घरी आल्यावर मी वही घेऊन बसलो, डावं पान आणि उजवं पान शेजारी ठेवून. वीस वर्षं आपण आठवड्यांच्या हिशेबाने व्यायाम आखला, आता तो तिच्या २१ दिवसांवर बसवायचा ठरवलं. डोसनंतरचा पहिला आठवडा मळमळ, उलट्या, वाढलेला थकवा. त्यात माझा व्यायाम फक्त चालणं, तेही बाजारहाट करताना. दुसरा आठवडा पेशी खाली गेल्याचा. त्यात व्यायामशाळेत पाय ठेवायचा नाही, कारण तिथल्या घामट बाकांवरून, खोकणाऱ्या पोरांकडून मी घरात काय आणीन सांगता येत नाही. त्या आठवड्यात गॅलरीत २४ किलोची केटलबेल (मुठीचा लोखंडी गोळा), जोर आणि बैठका. तिसऱ्या आठवड्यात ती जरा माणसांत यायची, तेव्हा दोन दिवस व्यायामशाळा, चाळीस मिनिटं. एक दिवस स्क्वॉट आणि बेंच (बाकावर उताणं पडून बार वर ढकलणं), दुसऱ्या दिवशी डेडलिफ्ट आणि खांद्यावरून प्रेस. एक जड सेट, दोन हलके, संपलं. फोन बाकावर, आवाज पूर्ण. घरी आल्यावर आधी आंघोळ, मग तिच्या खोलीत.

तू म्हणशील, एवढ्याने काय होतं? होतं रे. ताकद मिळवायला जेवढं काम लागतं त्याच्या कितीतरी कमी कामात ती टिकते, फक्त बारवरचं वजन उतरवायचं नाही. सेट कमी करायचे, दिवस कमी करायचे, वजन तेच. जूनपासून सप्टेंबरपर्यंत माझी स्क्वॉट १२० वरून हलली नाही. वाढली नाही, पण उतरलीही नाही. आणि कंबर एकदाही धरली नाही.

नातेवाइकांत कुजबुज झाली. "बायको अंथरुणाला खिळलीय आणि हा जिमला जातो." माझ्या कानावर आलं तेव्हा मी उत्तर दिलं नाही. तुझ्या वहिनीने दिलं. गणपतीत भावाने व्हिडिओ कॉल लावला होता, आम्ही गर्दीमुळे गेलो नव्हतो, तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाली, "मीच पाठवते त्यांना." एरवी ती मला अरे-तुरे करते, पण माहेर-सासरच्या चारचौघांत 'त्यांना' म्हणाली.

एक गोष्ट मात्र अजून सलते. एकदा मी घरी आलो, तिने माझा हात हातात घेतला, शिरा फुगलेल्या, अंग तापलेलं. म्हणाली, "किती गरम आहेस!" तिची बोटं गार होती. लालनंतरच्या बारा साप्ताहिक डोसांनी, पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या दुसऱ्या औषधाच्या, बोटांना मुंग्या आणि बधिरपणा आला होता, ब्लाउजची हुकं लावता येत नव्हती. माझं अंग असं धडधाकट आणि तिचं असं उतरत चाललेलं, याची मला लाज वाटली. ती लाज कुठे ठेवायची मला अजून कळलेलं नाही. हुकं मात्र मी लावायला शिकलो.

ऑपरेशन ऑक्टोबरच्या मध्यावर झालं, काखेतल्या ग्रंथी काढल्या. दिवाळीत फराळ विकतचा, पण पहिल्यांदा तिने चकली चावून खाल्ली. रेडिएशन पुढच्या आठवड्यात सुरू होईल.

सासूबाई राहायला आल्यात. त्यांनी हुकूम काढला की डाव्या हाताने आता जन्मभर काही उचलायचं नाही, पिशवीसुद्धा नाही, हात सुजतो. त्यांची चूक नाही, वर्षानुवर्षं बायकांना तेच सांगितलं गेलं. पण मी सर्जनना विचारलं. अमेरिकेत कॅथरिन श्मिट्झ यांनी हात सुजलेल्या १४१ बायकांवर अभ्यास केला होता, २००९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. आठवड्यातून दोनदा, देखरेखीखाली, अगदी हळूहळू वाढवत वजनं उचलायला लावली. सूज वाढली नाहीच, उलट सुजेचा त्रास उफाळण्याचे प्रसंग वजन उचलणाऱ्यांत कमी झाले. सर्जन म्हणाले, घाई नको, रेडिएशन होऊ दे, मग फिजिओथेरपिस्टच्या हाताखाली अर्ध्या किलोपासून सुरुवात करा. सासूबाईंना मी हे तीनदा समजावलं. चौथ्यांदा त्या म्हणाल्या, "बरं, पण मी समोर बसेन."

सध्या ती भिंतीवर बोटं चालवत हात वर नेते. बोट पोचतं तिथे लेक पेन्सिलने खूण करते. आणि गेल्या सोमवारी मला म्हणाली, "मला पण शिकव ना काहीतरी तुझ्यातलं." मी जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीला लावली. हात छातीशी दुमडून बसायचं आणि उठायचं, बस्स. स्क्वॉटच आहे तो. पाठ कशी ठेवायची, टाचा कशा रोवायच्या, श्वास कधी सोडायचा, ते मी तिला तसंच सांगितलं जसं तुला १९ वर्षांचा असताना सांगितलं होतं. ती तुझ्यापेक्षा नीट ऐकते. सहाव्या उठाबशीला मांड्या थरथरायला लागल्या, मी पुढे झालो, तर तिने नुसत्या मानेने 'नको' म्हटलं. थांबली, दोन श्वास घेतले, आणि उठली.

तेव्हा, स्पर्धेला या वर्षी नाही. पुढच्या वर्षीचंही आत्ता विचारू नकोस. पण व्यायाम सुटलेला नाही, आणि तू विचारलंस याचं मला खूप बरं वाटलं, कारण आता मला माझं कुणीच विचारत नाही.

डिसेंबरात ये. रेडिएशन सोमवार ते शुक्रवार असेल, म्हणून शनिवारी ये. सर्दी-खोकला असेल तर येऊ नकोस, नंतर ये. संत्री आण, तिला आवडायला लागलीत. सकाळी आपण दोघं तासभर बार उचलू, मग मामलेदारची मिसळ, तलावपाळीला एक चक्कर, आणि अकराच्या आत घरी, कारण अकरा ही तिची खुर्चीची वेळ. काल वहीच्या डाव्या पानावर तिने स्वतःच्या हाताने लिहिलं, अक्षर वाकडं आलंय बोटांमुळे: खुर्ची ८, ८, ६.

घरी सगळ्यांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
मास्तर