आई-बाबा, अहमदाबादची तिकिटं काढलीत

ती. बाबा आणि आई,
सा. न.

परवा फोनवर बाबा म्हणाले ना, "मासे बघायला कोणी अहमदाबादला जातं का", तेव्हा मी काहीच बोलले नाही कारण चिऊ शेजारी बसली होती आणि मला एकदम भरून आलं. म्हणून लिहून पाठवतेय. बाबा, चष्मा लावून तुम्हीच वाचा, आईलाही वाचून दाखवा, मध्येच सोडू नका. तिकिटं मी काढलीत. भुसावळ ते सुरत तुमची दोघांची, दोन्ही लोअर बर्थ, आणि शनिवारी सकाळी सुरतहून आपली पाचही जणांची. सीनियर सिटीझनची सवलत 2020 पासून बंद आहे ती बंदच आहे, पण लोअर बर्थचा कोटा अजून मिळतो, त्यातच झालं. आता कॅन्सल केलं तर पैसे कापतात, हे आधीच सांगते.

हिशोब विचाराल म्हणून सांगते. अहमदाबादच्या सायन्स सिटीचं गेट 50 आणि आतलं मत्स्यालय 200, म्हणजे माणशी अडीचशे, पाच जणांचे साडेबाराशे. गाडीभाडं, रिक्षा, खाणंपिणं सगळं धरलं तरी पाच हजारांच्या आत बसतं. रात्री नणंदेकडे थांबायचं, तिची सासूपण तिथेच असते, आईला गप्पांना सोबत होईल. आणि लेकीच्या पैशाने कसं फिरायचं हे मनात आणू नका बाबा, मार्केटमधल्या नोकरीचा दिवाळीचा बोनस मी तसाच बाजूला ठेवला होता, ह्यांना सांगितलं तर ह्यांनीच लगेच तिकिटं बघायला घेतली. यंदा सीएमव्हीच्या रोगाने दीड एकर केळी उपटून फेकावी लागली, दादाचं काय चाललंय ते मला दिसत नाही असं नाही, आणि अशा वर्षी फिरायला जायचं तुम्हाला कसंतरी वाटणार हेही कळतं. पण मागच्या दोन वर्षांत तुम्ही दोघं घराबाहेर पडलात ते फक्त दवाखान्यासाठी. आईच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आता इतकं स्वच्छ दिसतंय म्हणते, मग त्या डोळ्यांनी काहीतरी बघू दे ना तिला, नुसता टीव्ही किती बघायचा.

चिऊने सुरतचं पालचं अक्वेरियम दोनदा बघितलंय, ते आपण रविवारी रिक्षाने जाऊनही बघू. पण अहमदाबादचं 2021 ला झालंय, फार मोठं आहे, 68 टाक्या आहेत, आणि मधे 28 मीटरचा काचेचा बोगदा आहे, आपण आतून चालायचं आणि पाणी डोक्यावर, शार्क वरून जातात, त्यांचं पांढरं पोट दिसतं. आई, तुझी माळ आहे, वासाचं टेन्शन घेऊ नकोस, सगळं जाड काचेच्या आत बंद आहे, शेजारची जाऊन आली, तिला विचारून घेतलंय. एकादशी पण नाहीये त्या दिवशी, कॅलेंडर बघूनच काढलं.

तो बोगदा ऐकला आणि मला तापीकाठचं चांगदेवच आठवलं. महाशिवरात्रीची यात्रा होती, मी पाच-सहा वर्षांची असेन, आईने कणकेच्या गोळ्या करून आणल्या होत्या. संगमावर बसून मी एकेक टाकत होते तर पाण्यावर नुसती तोंडं यायची, गोल उघडायची आणि परत खाली, बाकीचा मासा काही दिसायचाच नाही. तो बघायला म्हणून मी इतकी वाकले की बाबांनी मागून फ्रॉकची नाडी धरली, नाडी तुटून हातात आली तसा दंड धरला, घरी येईपर्यंत दंडावर चार बोटं होती. मी रडले नव्हते. मी विचारलं होतं, खालून कसे दिसत असतील हो बाबा.

आणि एक, बोलू की नको असं चाललं होतं, पण बोलते. मागच्या दिवाळीला ओट्यावर बसून तुम्ही चिऊला सांगत होतात की तुझ्या आईला मी मुंबईच्या सहलीला पाठवलं नव्हतं, तारापोरवाला मत्स्यालय बघायचं राहिलं तिचं. मी आत भाकरी थापत होते, सगळं ऐकलं. बाबा, मोटर जळली होती हो त्या आठवड्यात, साडेतीनशे रुपये कुठून आणणार होतात तुम्ही. मला वाईट वाटलं ते एक दिवस, मग मी विसरलेपण, आणि तुम्ही इतकी वर्षं ते धरून बसलात. ते तारापोरवाला तर आता कधीपासून बंद पडलंय. हे टोचायला लिहीत नाहीये, खरंच नाही. मला फक्त तुमच्याबरोबर एकदा तो बोगदा चालायचा आहे, बस.

आता ऐका. शुगरच्या गोळ्या डबीत घालून खिशात ठेवायच्या, पिशवीत नाही, गाडीत पिशवी वर जाते. गुडघ्याचा पट्टा घरूनच बांधून निघा. व्हीलचेअरचं मी विचारून ठेवते, लागली तर बसायचं, लाजायचं नाही, चार पावलं चालून दम लागला तर थांबायचं, आपल्याला काही घाई नाही. आत एसी असतो, आईची शाल आणि मफलर. त्या आठवड्यात रात्रीची लाइट असली तरी बाबांनी शेतात जायचं नाही, पाणी दादा बघेल, त्याच्याशी बोलणं झालंय. आई, वांग्यांची पिशवी भरू नकोस, उचलायला कोण आहे? अगदीच राहवलं नाही तर चार आण, इथे गॅसवर भाजलेल्या भरताला काड्यांची चव नाही येत.

गुरुवारी रात्री फोन करेन, उचला. आणि आई, कणकेच्या गोळ्या करू नकोस गं, तिथे टाकू देत नाहीत.

तुमची,
ताई