खासदाराचं वजन कशानं मोजायचं? लोकसभेच्या माननीय अध्यक्षांना खुलं पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, लोकसभा,
संसद भवन, नवी दिल्ली

महोदय,
सादर नमस्कार.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी संख्याशास्त्र शिकवतो. गेल्या वर्षी तिसऱ्या वर्षाच्या मुलांना मी एक प्रकल्प दिला होता: लोकसभेतल्या एकेका खासदाराचा सभागृहावर किती प्रभाव पडतो, ते मोजून दाखवा. मुलांनी मेहनत घेतली. हजेरीची टक्केवारी, विचारलेले प्रश्न, चर्चेतला सहभाग, मांडलेली खासगी विधेयकं (म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यानं स्वतः आणलेली), सगळं गोळा करून गुण दिले आणि ५४३ जणांची क्रमवारी लावून फळ्यावर लिहिली. मागच्या बाकावरची एक मुलगी ती यादी बराच वेळ बघत होती. तिच्या वडिलांची मासेमारीची बोट आहे. ती म्हणाली, "सर, बोट किती वेळा दर्यात गेली ते लिवलंय ह्यात. म्हावरं किती आलं ते कुठाय?"

मला उत्तर देता आलं नाही. ते देण्यासाठी लागणारी माहिती आपल्या सचिवालयाकडे आहे, म्हणून हे पत्र आपल्याला लिहितो आहे.

आम्ही मोजलेल्या आकड्यांची गत सांगतो. मंत्री हजेरीच्या नोंदवहीत सही करत नाहीत, त्यामुळे सर्वांत वजनदार माणसंच पहिल्या रकान्यातून गळतात. प्रश्नांचं तर सोडतीवर चालतं. दिवसाला २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न यादीत येतात. ज्याचं नाव सोडतीत वर येतं त्याला मंत्र्यासमोर उभं राहून पुरवणी प्रश्न विचारता येतो, बाकीच्यांना छापील उत्तर मिळतं. आणि नुसत्या संख्येला किंमत आली की काय होतं, हे २००५ च्या डिसेंबरमध्ये देशानं पाहिलं. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याबद्दल ११ खासदारांना पद गमवावं लागलं, त्यातले १० लोकसभेचे होते. आमच्या तक्त्यात तेही प्रश्न गुण मिळवून गेले असते. म्हणून प्रश्नांच्या संख्येवरून "सर्वोत्तम खासदार" ठरवलेले पाहिले की मला काळजी वाटते.

वर्गातल्या एका मुलानं दुसरी वाट धरली. शेपली आणि शूबिक या अभ्यासकांनी १९५४ साली मतदानातली ताकद मोजायची एक रीत मांडली. सदस्यांना शक्य त्या सगळ्या क्रमांनी उभं करायचं आणि कुणाच्या मतानं बहुमत पुरं होतं ते पाहायचं. या हिशेबानं प्रत्येक खासदाराच्या वाट्याला एक भागिले ५४३ एवढीच ताकद येते, सगळ्यांना सारखी. हे निव्वळ कागदावरचं गणित नाही. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मतानं पडलं. ओडिशाचे मुख्यमंत्री होऊनही खासदारकी न सोडलेले गिरिधर गमांग त्या दिवशी मतदानाला आले होते, तर सैफुद्दीन सोझ यांनी पक्षाचा आदेश झुगारून सरकारविरुद्ध मत दिलं होतं. असा दिवस मात्र विरळाच. १९८५ मध्ये पक्षांतरबंदी कायदा आल्यापासून व्हिप, म्हणजे मतदानाबद्दलचा पक्षाचा आदेश, मोडणाऱ्याची खासदारकी धोक्यात येते, त्यामुळे एरवी मत खासदाराचं असलं तरी निर्णय पक्षाचा असतो. त्यातही बहुतेक विधेयकं आवाजी मतदानानं मंजूर होतात आणि कोण कुठल्या बाजूनं होतं हे कुठंही लिहिलं जात नाही.

अमेरिकेत सदस्यानं मांडलेलं विधेयक समितीपासून कायद्यापर्यंत कुठवर पोचलं, यावर गुण देतात. आपल्याकडे ते जमणार नाही, कारण कायदे सरकारच्या विधेयकांतून होतात. स्वातंत्र्यापासून खासगी सदस्यांची १४ विधेयकं कायद्यात उतरली आणि १९७० नंतर एकही नाही. या मापानं गेल्या पन्नासहून अधिक वर्षांतल्या, मंत्री नसलेल्या प्रत्येक खासदाराला शून्यच मिळेल.

इथं मला आमच्याच भागाचे बॅरिस्टर नाथ पै आठवतात. ते राजापूरचे खासदार होते. १९६७ च्या फेब्रुवारीत गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मूलभूत हक्कांना कात्री लावणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. नाथ पै विरोधी बाकांवर होते, तरी त्यांनी त्याच वर्षी संसदेचा दुरुस्तीचा अधिकार पुन्हा स्पष्ट करणारं खासगी विधेयक मांडलं. ते संयुक्त समितीकडे गेलं, त्यावर देशभर वाद झाला, पण मंजूर काही झालं नाही. १९७१ च्या जानेवारीत नाथ पै गेले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये २४ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि तिचा गाभा तोच होता. ती दुरुस्ती योग्य होती की नाही, यावर मतं वेगळी असू शकतात, माझं स्वतःचंही पक्कं नाही. पण प्रभाव म्हणाल तर तो हाच, आणि आमच्या तक्त्यात नाथ पैंच्या नावापुढे "विधेयक १, मंजूर ०" एवढंच येतं. अलीकडचं उदाहरण वरच्या सभागृहातलं आहे. तिरुची शिवा यांचं तृतीयपंथीयांच्या हक्कांचं विधेयक राज्यसभेनं २०१५ मध्ये मंजूर केलं, ते लोकसभेत अडलं. २०१९ मध्ये सरकारनं स्वतःचा कायदा आणला. त्यातल्या तरतुदी वेगळ्या होत्या, पण तो विषय संसदेनं आधी कुणाकडून ऐकला, याची नोंद राहायला हवी.

आता म्हावऱ्याचं. ते मोजायचं साधन आपल्या घरातच आहे. पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर यांच्या काळात, १९५३ मध्ये, शासकीय आश्वासन समिती स्थापन झाली. मंत्र्यानं सभागृहात दिलेला शब्द तीन महिन्यांत पाळला जावा, हा तिचा आग्रह. आमच्या तालुक्यातल्या बंदरातला गाळ काढण्याबद्दल पूर्वी एक प्रश्न विचारला गेला होता. त्याच मुलीनं त्याचं उत्तर छापून आणलं. एकच ओळ: "माहिती गोळा केली जात असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल." तिनं ते निराश होऊन माझ्यापुढे ठेवलं. मी तिला सांगितलं की ही ओळ म्हणजे टाळाटाळ असली तरी समितीच्या नियमांत ती आश्वासन ठरते, आणि आश्वासनाचा हिशेब लागतो. मग त्या आश्वासनाचं पुढं काय झालं, हे शोधायला आम्ही तीन संध्याकाळी घालवल्या. कागद आहेत, पण विखुरलेले. उत्तर एकीकडे, समितीचे अहवाल दुसरीकडे. आमच्या हाती धागा लागला नाही.

महोदय, हा धागा आपण जोडून द्यावा. प्रत्येक सदस्याच्या प्रश्नातून किती आश्वासनं निघाली, किती पुरी झाली, किती काळानं झाली आणि मंत्रालयाच्या विनंतीवरून किती सोडून दिली गेली, हे त्या सदस्याच्या नावापुढे एकाच ठिकाणी दिसू द्या. सोडून दिलेली तर जरूर दिसू द्या. सदस्यानं सुचवलेली दुरुस्ती मंजूर कायद्यात आली का, आणि त्याच्या खासगी विधेयकातला विषय पुढं सरकारी विधेयकात उतरला का, हेही तिथंच यावं. शेवटचं काम किचकट आहे, त्याला माणूस बसवून वाचावंच लागेल.

दुसरी विनंती मतदानाची. मतविभागणीची, म्हणजे नावानिशी मतं मोजण्याची, मागणी अनावश्यक वाटली तर सदस्यांना जागेवर उभं करून मोजायची मुभा नियम ३६७ अध्यक्षांना देतो, आणि तेव्हा नावं नोंदली जात नाहीत. ही मुभा कमीत कमी वापरावी, आणि कुठल्याही विधेयकाचं अंतिम मतदान नावानिशी व्हावं, अशी प्रथा आपण घालून द्यावी. व्हिपमुळे बहुतेक मतं पक्षाप्रमाणेच पडतील, हे मला कळतं. पण कोण गैरहजर राहिलं आणि कोण वेगळं वागलं, हे तरी मतदाराला दिसेल.

मंत्रालयांचं कामकाज तपासणाऱ्या स्थायी समित्यांबद्दल मात्र मी काही मागत नाही. प्रत्येकी ३१ सदस्यांच्या त्या २४ समित्यांत दारं बंद असतात, म्हणूनच तिथं सदस्य पक्ष बाजूला ठेवून बोलू शकतात. ती दारं उघडली तर तिथंही भाषणंच होतील. तिथलं श्रेय सगळ्यांचं मिळून राहू दे.

यंदाच्या मुलांना मी तोच प्रकल्प पुन्हा देतो आहे, पण क्रमवारीचा रकाना काढून टाकला आहे. बंदराच्या गाळाच्या त्या उत्तराची प्रत या पत्राला जोडली आहे. त्या आश्वासनाचं काय झालं, एवढं आपल्या सचिवालयानं कळवलं तर मी ते वर्गात वाचून दाखवीन.

आपला नम्र,
संख्याशास्त्राचा एक शिक्षक, रत्नागिरी जिल्हा