कचरागाडीतल्या प्लास्टिकचे दिवे व्हावेत

महोदय,
इंदूरमध्ये आपण प्लास्टिक घरातच वेगळं करून कचरागाडीत देतो. 2017 पासून स्वच्छतेत शहराचं नाव गाजतंय ते या सवयीमुळे. आता त्याच प्लास्टिकपासून घरात मिरवावी अशी वस्तू व्हायला हवी.

रोबोटिक छपाईने दिव्यांच्या शेड बनवता येतात. जुन्या बाटल्या धुऊन केलेले दाणे वितळवून यंत्राचा हात जाडसर धार थरावर थर सोडत जातो. साचा लागत नाही, म्हणून थोडेच नग काढणंही परवडतं. थरांच्या रेघांमुळे उजेड विखुरतो, डोळ्यांना टोचत नाही. दाणे मात्र कडक वाळलेले हवेत, नाहीतर थरांत बुडबुडे येऊन शेड ठिसूळ होते. आणि आत एलईडीच हवा. जुन्या पिवळ्या बल्बच्या उष्णतेपुढे हे प्लास्टिक टिकणार नाही.

सांवेर रोडच्या कारखानदारांनी आणि एसजीएसआयटीएस या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी हे मनावर घ्यावं. महापालिकेने निवडलेलं, स्वच्छ प्लास्टिक त्यांना वाजवी भावात द्यावं. दिवाळीत रामबाग, लोकमान्य नगरात आकाशकंदील लागतातच, सुरुवात त्यांच्यापासून करता येईल.

— एक वाचक, रामबाग, इंदूर