मार्बलवाल्या काकांना आमच्या नववीकडून थँक्यू

काका नमस्कार,

नाव टाकत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण पुण्याच्या कॅम्पातल्या जुन्या ख्रिश्चन दफनभूमीजवळ ज्यांचं छोटंसं मार्बलचं दुकान आहे त्यांना कळेलच हे कुणासाठी आहे.

पोरांना घेऊन आले तेव्हा गेटपाशीच निम्म्यांची कुजबुज चालू होती, भुताबितांची. तुम्ही हातातलं काम ठेवून आलात आणि लेक्चर न देता थेट त्या भोकाभोकांच्या दगडापाशी नेलंत. पोरांना वाटलं गोळ्या लागल्यात. तुम्ही म्हणालात, आधी बोट फिरवा. मग सांगितलंत की संगमरवरात अक्षराची खाच पाडायची, खाचेच्या तळाला बारीक तिरकी भोकं पाडायची आणि त्यात शिसं ठोकून बसवायचं म्हणजे ते घट्ट धरून राहतं, आणि पुढे कुणीतरी शिसं उचकटून भंगारात घातलं की मागे उरतात ती ही भोकं. झालं, सगळी पोरं गुडघ्यावर, भोकाला भोक जोडत अक्षरं लावतायत! वर्गात फळ्यावरचं वाचायला कंटाळणारी ही मंडळी, बरं का.

साल लागलं १८९७. आमचा एक हुशार लगेच ओरडला, प्लेग! रँड आणि चापेकर बंधू नुकतेच शिकवून झाले होते ना. तुम्ही शांतपणे म्हणालात, साल जुळलं म्हणजे कारण जुळलं असं नाही बाळा, दगडावर काय लिहिलंय ते बघ. खालची ओळ पार झिजलेली, तर एकीच्या पर्समधला आरसा घेऊन तुम्ही उन्हाचा कवडसा बाजूने तिरका पाडलात आणि अक्षरं अशी वर आली की मीसुद्धा बघत राहिले. एंटेरिक फीव्हर. म्हणजे टायफॉईड. काका, पुरावा म्हणजे काय हे मी जून महिन्यापासून सांगतेय हो, आणि तुमचं काम पाच मिनिटांत!

लिंबाचा प्रयोग तर आता घरोघरी चालू आहे. संगमरवराच्या कपचीवर लिंबू पिळलं की बारीक बुडबुडे येतात, आपल्या काळ्या दगडावर काही होत नाही, म्हणून थडगी अ‍ॅसिडने घासायची नाहीत, नुसतं पाणी आणि मऊ ब्रश. आमच्या सायन्सच्या मॅडम खूश आहेत, थोड्या जळल्यातही.

मराठीतले दगड तुम्ही आवर्जून दाखवलेत, 'ख्रिस्तवासी' लिहिलेले, त्याबद्दल वेगळे आभार. तोपर्यंत पोरांच्या डोक्यात हे सगळं साहेबांचंच होतं. बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडच्या मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांच्या थडग्यांवर हिब्रूसोबत मराठीही असतं म्हणालात, ते बघायचं राहिलंय.

तिथून आम्ही खडकीच्या वॉर सिमेट्रीत गेलो. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ जणांच्या कबरी आहेत तिथे. पोरं आपणहून म्हणाली, मॅडम, इथे सगळे दगड एकाच मापाचे कसे? तुमच्याकडे मोठा हुद्दा तर मोठा दगड, बिचाऱ्या शिपायाला सोबत्यांनी वर्गणी काढून लावलेला छोटा, असं बघून आली होती ना ती. १९१७ साली स्थापन झालेल्या वॉर ग्रेव्ह्ज कमिशनचा नियमच आहे, हुद्दा, वंश, धर्म बघून भेदभाव करायचा नाही. मी हे सांगेपर्यंत पोरं पुढे जाऊन वयं वाचायला लागली होती. एकोणीस, वीस, बावीस. तेव्हा मात्र कुणी काही बोललं नाही.

आता एक विनंती. शाळेत या, छिन्नी हातोडी घेऊन. पोरांना अक्षर कोरून बघायचंय, आणि दगडाचे तुकडे तुमच्याकडचेच लागतील कारण बाजारातल्या टाइल्स चालत नाहीत हे तुम्हीच सांगितलंय. रिक्षाचं भाडं आमच्याकडे. शनिवारी अर्धी शाळा असते, साडेअकरानंतर कधीही चालेल.

तुमची,
नववीच्या वर्गाची इतिहासाची मॅडम